कनूतून लेक ट्राउटसाठी ट्रोलिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी तळ्यांवरचे बर्फ तडकायला लागले की टोरांटो आणि आसपासच्या मराठी मंडळींकडून कनूतून, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या लांबट, हलक्या होडीतून, लेक ट्राउट हा मासा पकडण्याबद्दल तेच तेच प्रश्न येऊ लागतात. त्यांची उत्तरे एकदाच नीट लिहून ठेवावीत, म्हणून हे पान. ऑन्टारियो प्रांतातील अल्गॉन्क्विन उद्यान डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरे दिलेली आहेत. इतर ठिकाणी मासा तोच असला तरी नियम वेगळे असतात, आणि नियम दर वर्षी बदलू शकतात, त्यामुळे निघण्यापूर्वी त्या वर्षीची प्रांताची नियमपुस्तिका पाहणे गरजेचे आहे.

१. ट्रोलिंग म्हणजे आपल्याकडे ट्रॉलरने मासेमारी करतात तेच का?

नाही. ट्रॉलर समुद्रात भलेमोठे जाळे ओढत नेतो. येथे चालत्या होडीमागे एकच तंगूस (गळाचा नायलॉनचा दोर) सोडलेला असतो आणि त्याच्या टोकाला धातूचे किंवा लाकडाचे एक आमिष असते. होडी चालली की आमिष हलते, हलले की मासा त्यामागे लागतो. मराठीत दोन्ही शब्द जवळपास सारखेच ऐकू येतात, त्यामुळे रत्नागिरीच्या माणसाला "ट्रोलिंगला चाललोय" असे सांगितले की तो आधी होडीचे इंजिन किती सिलिंडरचे आहे ते विचारतो.

२. लेक ट्राउट हा नेमका कोणता मासा? भारतात मिळणारा ट्राउट हाच का?

हिमाचल, काश्मीर किंवा निलगिरीत दिसणारे ट्राउट हे ब्राउन आणि रेनबो जातींचे असून इंग्रजांच्या काळात बाहेरून आणलेल्या माशांचे वंशज आहेत. लेक ट्राउट हा उत्तर अमेरिकेचा मूळ रहिवासी आहे आणि काटेकोरपणे बोलायचे तर तो ट्राउट नसून 'चार' (इंग्रजीत char) या गटातला आहे. त्याचे शास्त्रीय नाव साल्व्हेलिनस नामेकुश, आणि त्यातला 'नामेकुश' हा शब्द तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेला आहे. ओळखण्याची सोपी खूण अशी की त्याच्या गडद अंगावर फिकट ठिपके असतात, ब्राउन किंवा रेनबोच्या फिकट अंगावर गडद.

त्याला थंड आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. साधारण १० अंश सेल्सिअसच्या आसपासचे पाणी त्याला सर्वांत मानवते, आणि पुढची बहुतेक उत्तरे याच एका आकड्यातून निघतात. अशी खोल, थंड तळी फार नाहीत. ऑन्टारियोतील जेमतेम एक टक्का तळ्यांत लेक ट्राउट आहे, तरीही जगातील लेक ट्राउटच्या तळ्यांपैकी पाचवा ते चौथा हिस्सा याच एका प्रांतात भरतो. मासा वाढतो सावकाश. अंडी घालण्याजोगा व्हायला त्याला सहा-सात वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो आणि वीस वर्षांपुढे जगलेले मासे सर्रास सापडतात. हातात आलेला दीड किलोचा मासा आपल्या शाळकरी मुलापेक्षा वयाने मोठा असू शकतो, हे ध्यानात ठेवून बाकीची उत्तरे वाचावीत.

३. मोटरबोट भाड्याने मिळत असताना कनू कशासाठी?

पहिले कारण असे की अल्गॉन्क्विनच्या आतल्या बहुतेक तळ्यांवर मोटरला बंदी आहे आणि दोन तळ्यांमधली वाट होडी खांद्यावर घेऊन चालावी लागते. सोळा-सतरा फुटांची, केव्हलर या हलक्या पण मजबूत धाग्याची कनू एक माणूस उचलू शकतो. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. वल्हवणाऱ्या माणसाचा निवांत वेग आणि लेक ट्राउटला भावणारा आमिषाचा वेग हे जवळजवळ एकच आहेत. मोटरबोटवाल्याला हाच वेग साधण्यासाठी इंजिनाशी झगडावे लागते. शिवाय वल्ह्याचा प्रत्येक फटका आमिषाला किंचित पुढे ओढतो आणि दोन फटक्यांच्या मध्ये ते किंचित खाली बसते. जखमी मासोळी अशीच पोहते.

४. कोणत्या महिन्यात जावे?

बर्फ गेल्यापासून जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. अल्गॉन्क्विनमध्ये बर्फ बहुधा एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला जातो आणि ट्राउटचा हंगामही एप्रिलच्या शेवटी उघडून ३० सप्टेंबरला बंद होतो. बर्फ जाताच संपूर्ण तळ्याचे पाणी वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारखेच थंड असते, म्हणून मासा कोठेही असू शकतो. प्रत्यक्षात तो किनाऱ्यालगत, खडकाळ टोकांपाशी आणि ओढ्यांच्या मुखाशी मासोळ्यांमागे फिरत असतो. अशा वेळी वजनाविना सोडलेले आमिषही चालते. तंगूस होडीमागे तीस ते चाळीस मीटर सोडावा आणि तळ जिथे एकदम खोल उतरतो त्या कडेने वल्हवावे.

जूनच्या मध्यापर्यंत वरचे पाणी तापते आणि तळ्यात गरम आणि थंड पाण्याचे दोन थर पडतात. मग मासा बारा ते वीस मीटर खोल जातो आणि खेळ बदलतो (प्रश्न ८ पाहावा). ऑक्टोबरात हे मासे खडकाळ उथळ जागी रात्री अंडी घालतात. हंगाम त्याआधीच संपवलेला आहे, तो यासाठीच.

५. परवाना कोणाला लागतो? भारतातून आलेले आमचे आईबाबा सत्तरीचे आहेत, त्यांना ज्येष्ठांची सूट मिळेल का?

ऑन्टारियोत १८ ते ६४ वर्षे वयाच्या कॅनडावासीयांना परवाना लागतो. त्याहून लहान आणि मोठ्यांना तो लागत नाही. मात्र ६५ वर्षांवरची ही सूट कॅनडात राहणाऱ्यांसाठी आहे. पाहुणे म्हणून आलेल्या आईबाबांना वय कितीही असले तरी अनिवासी परवाना घ्यावा लागतो. एका दिवसाचाही परवाना मिळतो आणि एका सकाळीसाठी तो पुरेसा असतो. या प्रश्नावर घोळ होतो, कारण ज्येष्ठांना सूट आहे एवढेच अर्धे वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहते.

६. कनूत आम्ही दोघे, परवाना एकाचाच. दोन गळ लावता येतील का?

येणार नाहीत. या भागातल्या तळ्यांवर परवानाधारकाने एका वेळी एकच गळ वापरायचा असतो. परवाना नसलेल्याने वल्हवावे, हातजाळी धरावी, चहा गाळावा, पण रॉड हातात घेऊ नये, अगदी "मी फक्त धरतो, तू फोटो काढ" म्हणूनही नाही.

७. वेग किती असावा आणि यंत्राविना तो कसा ओळखायचा?

ताशी अडीच ते चार किलोमीटर. मी तीन धरून चालतो. ताशी तीन किलोमीटर म्हणजे मिनिटाला पन्नास मीटर, आणि सोळा फुटी कनू जवळपास पाच मीटर लांब असते, म्हणजे मिनिटाला होडीच्या दहा लांब्या. पुढे बसलेल्याने पाण्यावर एक वाळके पान टाकावे. ते मागच्या टोकापाशी पोहोचायला सहा सेकंद लागले तर वेग ठीक आहे. चार सेकंदांत पोहोचले तर जरा दमाने घ्यावे.

याहून खरी खूण रॉडच्या टोकावर असते. चमच्याच्या आकाराचे आमिष, ज्याला सगळे 'स्पून' म्हणतात, ते नीट चालत असेल तर टोक एका लयीत थरथरते. थरथर थांबली तर एक तर वेग पडला आहे, किंवा गळाला शेवाळ नाहीतर पान अडकले आहे. नुसते शेवाळ ओढत अर्धा तास वल्हवण्याचा अनुभव प्रत्येकाच्या गाठीशी असतो. वळण घेताना रॉड कोणत्या बाजूला आहे याकडेही लक्ष असावे. आतल्या बाजूचे आमिष वळताना मंदावून खाली बसते, बाहेरच्या बाजूचे वेग घेते. मासा वळणावर लागला तर तो आत लागला की बाहेर, हे लक्षात ठेवून पुढे त्याप्रमाणे वेग कमी-जास्त करावा.

८. जुलैत मासा पंधरा मीटर खोल असेल तर तिथवर आमिष न्यायचे कसे?

दोन मार्ग आहेत. पहिला 'लेडकोर', म्हणजे पोटात शिशाची तार असलेला विणलेला दोर. त्याचा रंग दर दहा यार्डांनी, म्हणजे सुमारे नऊ मीटरनी बदलतो आणि कनूच्या वेगाला एक रंग आमिषाला साधारण दीड मीटर खाली नेतो. हिशेब सोपा आहे, पण पंधरा मीटरसाठी दहा रंग, म्हणजे नव्वद मीटर दोर मागे सोडावा लागतो. एवढे शेपूट लावून वाऱ्यात कनू वळवणे जिकिरीचे असते. मधल्या खोलीसाठी, म्हणजे सात-आठ मीटरपर्यंत, लेडकोर उत्तम.

त्याहून खाली जायचे तर मी तीन कड्यांचे स्विव्हल, म्हणजे फिरत्या कड्यांचा लहानसा जोड, वापरतो. एका कडीला रॉडकडून येणारा दोर, दुसरीला दोन-अडीच मीटर तंगूस आणि त्याच्या टोकाला स्पून, तिसरीला सुमारे एक मीटर बारीक तंगूस आणि साठ ते नव्वद ग्रॅमचे वजन. वजनाचा तंगूस मुद्दाम कमकुवत ठेवावा, म्हणजे खडकात अडकले तर नुसते वजन तुटते आणि स्पून वाचतो. होडी अगदी हळू ठेवून वजन तळाला टेकेपर्यंत दोर सोडावा, टेकल्याची ठोकर हाताला जाणवली की दोन-तीन मीटर गुंडाळून घ्यावा. तळ्याच्या खोलीचा नकाशा जवळ असेल तर आपण कुठे आहोत याचा अंदाज ठोकरींवरूनही येतो.

वजन शिशाचे घेऊ नये. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत ५० ग्रॅमखालच्या शिशाच्या वजनांना बंदीच आहे. अल्गॉन्क्विनसारख्या प्रांतीय उद्यानात तशी बंदी नसली, तरी तुटून पडलेले शिसे गिळून लून पक्षी विषबाधेने मरतात, हे कारण पुरेसे आहे.

९. आमिष कोणते आणि केवढे?

दुकानात विचारले तर भिंतभर आमिषे दाखवतात. त्यापेक्षा त्या तळ्यातला लेक ट्राउट काय खातो ते आधी विचारावे. ज्या तळ्यात सिस्को नावाचा रुपेरी मासा आहे तिथे ट्राउट तो खाऊन मोठा होतो, आणि तिथे दहा-बारा सेंटिमीटरचे चंदेरी आमिष शोभते. जिथे सिस्को नाही तिथे ट्राउट बराच काळ बारीक जलजीवांवर गुजराण करतो आणि लहानच राहतो. तिथे पाच-सहा सेंटिमीटरचा पातळ स्पून पुरे.

अल्गॉन्क्विनमधील सर्वांत मोठ्या ओपिओंगो तळ्यावर हा फरक नोंदींतून दिसतो. तिथे हार्कनेस संशोधन केंद्र १९३६ पासून पकडलेल्या माशांची नोंद ठेवत आले आहे. १९४८ मध्ये या तळ्यात सिस्को सोडण्यात आला आणि त्यानंतर तिथल्या ट्राउटचे आकारमान वाढले. रंगाच्या बाबतीत माझे मत असे की अर्धा सोनेरी, अर्धा चंदेरी विल्यम्स वॉबलर हा स्पून आणि एक निळा-चंदेरी रापाला (मासोळीच्या आकाराचे आमिष) एवढे डबीत असले की माणूस तक्रार करायला मोकळा राहत नाही.

१०. जिवंत मासोळी आमिष म्हणून चालते का?

अल्गॉन्क्विनमध्ये जिवंत मासोळी वापरणे तर नाहीच, जवळ बाळगणेही बेकायदा आहे. बादलीतून सुटलेली मासोळी नव्या तळ्यात वाढते आणि तिथल्या ट्राउटच्या तोंडचा घास पळवते. ती नंतर परत काढता येत नाही.

११. रॉड ठेवायचा कुठे? दोन्ही हात तर वल्ह्याला लागतात.

मागे बसणारा रॉड मांडीखाली दाबतो आणि त्याचे टोक बाजूला, किंचित मागे झुकते ठेवतो. ही जुनी पद्धत आहे आणि मासा लागला की मांडीलाच कळते. कनूच्या कडेला घट्ट बसणारा रॉडहोल्डरही मिळतो. कोणतीही पद्धत असली तरी रॉडला दोरीने होडीशी बांधावे आणि रीलचा ब्रेक सैल ठेवावा, म्हणजे तंगूस कुरकुरत सुटू शकतो.

माझा पहिला रॉड मेच्या एका सकाळी गेला. ब्रेक घट्ट होता, दोरी बांधलेली नव्हती आणि मी थर्मासचे झाकण फिरवत होतो. लाकडावर नख ओढल्यासारखा आवाज झाला, मान वळवली तेव्हा मुठीचा बुचाचा भाग पाण्यावर क्षणभर उभा दिसला आणि मग तोही नाही. मासा होता की खडक, हे आजतागायत मला माहीत नाही. घरी मात्र मी मासाच सांगितला.

१२. मासा लागला की दोघांनी काय करायचे?

रॉडवाल्याने वल्हे होडीत आत ठेवून रॉड उचलावा, उभे राहू नये. दुसऱ्याने वल्हवणे थांबवू नये, ही चूक जवळजवळ सगळेच करतात. होडी थांबली की तंगूस सैल पडतो आणि गळ सुटतो, शिवाय वारा कनूला आडवी करतो. त्याने चार-सहा फटके मारून होडीचे तोंड वाऱ्याकडे धरावे आणि शक्य तर किनाऱ्यापासून खोल पाण्याकडे न्यावे. लेक ट्राउट हवेत उड्या मारत नाही. तो खाली दडी मारतो, डोके झटकतो आणि होडी दिसली की पुन्हा एकदा तळाकडे जातो. ती शेवटची धाव येणार हे गृहीत धरून ब्रेक सैलच ठेवावा. हातजाळी रबराची असावी. मासा जाळीत घेताना दोघांनी एकाच बाजूला झुकू नये, एकाने झुकावे आणि दुसऱ्याने आपले वजन उलट बाजूला टाकावे.

१३. मला चांगले पोहता येते. जीवरक्षक जॅकेट अंगावर घालायलाच हवे का?

कायद्यानुसार ते प्रत्येक माणसामागे एक या प्रमाणात होडीत असले पाहिजे. त्याशिवाय शिटी, पाणी उपसायचे भांडे आणि पंधरा मीटरची तरंगती दोरीही लागते. अंगावर घालण्याचे कारण कायद्यापेक्षा मोठे आहे. मासा पृष्ठभागाजवळ असतो तेव्हाच, म्हणजे मेच्या सुरुवातीला, पाणी चार ते सहा अंशांवर असते, आणि नेमके तेव्हाच आपण तिथे असतो. अशा पाण्यात पडलेल्या माणसासाठी इथे १-१०-१ हा ठोकताळा शिकवतात. पहिला एक मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातो, पुढची दहा मिनिटे हातपाय कामाचे राहतात आणि शरीर गारठून शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. बुडणारे बहुतेक जण तासाच्या आधी, पहिल्या दोन टप्प्यांतच बुडतात. त्या दहा मिनिटांत जॅकेटचे बक्कल बोटांनी लावता येत नाही. विहिरीत सूर मारायला शिकलेल्या आपल्या मंडळींचा आत्मविश्वास दांडगा असतो, पण सातारच्या विहिरीचे पाणी आणि हे पाणी यांची तुलना होत नाही. वसंतात किनाऱ्यापासून पोहून गाठता येईल एवढ्याच अंतरावर राहावे.

१४. एकट्याने जमते का?

जमते, पण आधी दोन-तीन मोसम जोडीने काढावेत. एकट्या माणसाने कनू उलटी फिरवून पुढच्या आसनावर, मागे तोंड करून बसावे, म्हणजे वजन मध्याजवळ येते, आणि पुढच्या टोकात पाण्याची पिशवी किंवा सामान ठेवावे. मासा लागला की होडी वाऱ्याच्या हवाली होते, म्हणून वारा उठण्याआधीची पहाट आणि आडोशाचा किनारा एवढेच क्षेत्र आपले मानावे. अनुभवी माणसालाही हे लागू आहे. चित्रकार टॉम थॉमसन हा या उद्यानात वर्षानुवर्षे वावरलेला माणूस होता. ८ जुलै १९१७ रोजी तो कनू लेकवर एकटाच निघाला आणि आठ दिवसांनी त्याचा मृतदेह मिळाला. नेमके काय झाले, यावर आजही वाद आहे.

१५. हा लेक ट्राउट, ब्रूक ट्राउट की स्प्लेक?

शेपूट पाहावी. लेक ट्राउटची शेपूट खोल दुभंगलेली असते, ब्रूक ट्राउटची जवळजवळ सरळ कापल्यासारखी. ब्रूकच्या पाठीवर किडे वळवळल्यासारख्या रेघा आणि कुशीवर निळसर कड्यांतले लाल ठिपके असतात. स्प्लेक हा या दोघांचा संकर असून काही तळ्यांत मुद्दाम सोडलेला असतो. त्याची शेपूट मध्यम दुभंगलेली असते आणि बाकी खुणा दोन्हीकडच्या मिसळतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी खात्री होईलच असे नाही. पक्की ओळख पोट फाडल्यावर, जठराजवळच्या बोटांसारख्या नळ्या मोजून होते. त्या ब्रूकमध्ये पन्नासच्या आत-बाहेर, लेक ट्राउटमध्ये नव्वदहून अधिक आणि स्प्लेकमध्ये मधल्या संख्येने असतात. जिवंत माशाबद्दल शंका राहिली तर ज्या जातीचा नियम अधिक कडक आहे तो पाळावा.

१६. मासा सोडून द्यायचा असेल तर तो जगेल का? खोलातून वर आणल्यावर फुटत नाही का?

लेक ट्राउटचा हवेचा फुगा घशाशी नळीने जोडलेला असतो, त्यामुळे वर येताना तो ढेकर दिल्यासारखी हवा सोडू शकतो. सावकाश वर आणलेल्या माशाआधी पाण्यावर बुडबुड्यांची माळ येते, ती हीच. पर्चसारख्या माशांना ही सोय नाही. तेव्हा खोलीपेक्षा उन्हाळ्यातले वरचे पाणी त्याला जास्त घातक आहे. बावीस-तेवीस अंशांच्या पाण्यात दमलेला मासा फोटोसाठी मिनिटभर धरून ठेवला तर तो पोहत गेलेला दिसला तरी तग धरेलच असे नाही. माझा नियम असा आहे : मे महिन्यात हवे तर सोडावेत, जुलै-ऑगस्टमध्ये खाण्यापुरता मासा मिळाला की गळ गुंडाळावा. सोडायच्या बेताने गळाची उलटी नांगी पक्कडीने आधीच दाबून ठेवावी आणि मासा पाण्याबाहेर न काढता मोकळा करावा.

१७. मग लेक ट्राउट सोडून देणे सगळीकडेच योग्य का?

नाही. अमेरिकेतील यलोस्टोन तळ्यात हा मासा उपरा आहे. १९९४ मध्ये तो तिथे सापडल्याचे निश्चित झाले आणि तिथल्या मूळच्या कटथ्रोट ट्राउटचा त्याने फडशा पाडला. त्या तळ्यात पकडलेला लेक ट्राउट मारलाच पाहिजे, जिवंत सोडणे नियमबाह्य आहे.

१८. खायला कसा लागतो? कालवण होते का? किती खावा?

मांस तेलकट असते, आणि त्याचा रंग आहारानुसार पांढऱ्यापासून नारिंगीपर्यंत बदलतो. तेलकटपणामुळे पातळ कालवणापेक्षा तो हळद, तिखट, मीठ आणि कोकमाचे आगळ लावून, रव्यात घोळवून तव्यावर तळलेला चांगला लागतो. आगळाची लहान प्लॅस्टिकची बाटली सोबत न्यावी, कारण उद्यानाच्या आतल्या भागात काचेच्या बाटल्या आणि डबे न्यायला मनाई आहे. साफसफाई तंबूपासून लांब करावी, अस्वले वासावर येतात.

दीर्घायुषी शिकारी मासा असल्याने मोठ्या लेक ट्राउटमध्ये पारा साठतो. कोणत्या तळ्यातला किती लांबीचा मासा महिन्यातून किती वेळा खावा, याचे तक्ते ऑन्टारियो सरकार देते, आणि त्यांत लहान मुले आणि गर्भधारणेच्या वयातील स्त्रिया यांच्यासाठी वेगळे, कडक आकडे असतात. जेवणासाठी लहान मासा ठेवावा आणि मोठा पाण्यात राहू द्यावा, म्हणजे पानातले आणि तळ्यातले दोन्ही हिशेब जुळतात. घरी न्यायचे असल्यास तुकड्यांवर कातडी ठेवावी, जात ओळखता आणि संख्या मोजता आली पाहिजे असा नियम आहे.

१९. सकाळी एका तळ्यावर आणि दुपारी गाडीने दुसऱ्यावर गेलो तर काही अडचण?

अडचण नाही, पण १ जानेवारी २०२२ पासून ऑन्टारियोत होडी रस्त्याने नेण्यापूर्वी तिच्यातले पाणी काढून टाकणे आणि चिकटलेल्या वनस्पती साफ करणे बंधनकारक आहे, आणि त्यात कनूही येते. काटेरी पाणपिसू नावाचा परका जीव तंगुसावर ओल्या कापसाच्या बोळ्यासारखा साचतो आणि तसाच दुसऱ्या तळ्यात पोहोचतो. दुपारी गाडीच्या टपावर कनू पालथी घालताना रीलवरचे पहिले चाळीस-पन्नास मीटर कोरड्या फडक्यातून ओढून काढावेत. फडक्याला चिकट काही लागले तर तो तंगूस त्या दिवशी पुन्हा पाण्यात घालू नये.